एचपी सोडा, हेड विचारा: पंपांची गोष्ट, इंदूरच्या पाण्यासकट

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका मागच्या उन्हाळ्यात सियागंज बाजारात गेले आणि दोन एचपीचा पंप घेऊन आले. आधीचा एकचा होता, वरची टाकी भरायला फार वेळ लागायचा, लोक कुरकुरायचे, म्हणून काकांनी सरळ हिशोब लावला की डबल एचपी म्हणजे डबल पाणी. बसवला, चालू केला, धो धो पाणी आलं, काकांच्या चेहऱ्यावर पोरीचं लग्न ठरल्यासारखा आनंद, आणि दहा-बारा मिनिटांत स्टार्टर खट्. ट्रिप. परत चालू केला, परत खट्. इलेक्ट्रिशियन म्हणाला व्होल्टेज कमी आहे, दुकानदार म्हणाला वायर बारीक आहे, शेवटी काका माझ्याकडे आले, कारण माझी सगळी नोकरी सांवेर रोड आणि पिथमपूरच्या कारखान्यांत मेंटेनन्समध्ये गेली आणि पंप हा प्राणी मी बऱ्यापैकी ओळखतो.

काकांना जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं ते इथे सलग लिहितोय. आपल्याकडे पहिला घोळ शब्दांतच आहे, पंपाला आपण मोटरच म्हणतो, मोटर लाव, मोटर बंद कर, त्यामुळे दुकानात गेल्यावरसुद्धा मोटरचाच आकडा विचारतो. पण एचपी म्हणजे मोटरची ताकद. पाणी किती वर जाईल आणि किती येईल हे पंप ठरवतो. "एक एचपीचा पंप द्या" म्हणणं म्हणजे चपलेच्या दुकानात जाऊन पाव किलो चप्पल मागण्यासारखं आहे, देईल तो काहीतरी, पायात बसेल की नाही ते तुमचं नशीब.

आता मुळापासून. पंप पाणी ओढत नाही. हे ऐकून लोक वाद घालतात, पण खरंच नाही ओढत. तो फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि हौदातल्या पाण्यावर जी हवा बसलेली असते ती पाण्याला खालून पाइपात ढकलते. उसाच्या रसात स्ट्रॉ घालून पितो तेव्हाही हेच होतं. हवेचं वजन मोजकं, म्हणून ढकलायचीही हद्द आहे, समुद्रकिनाऱ्यावर साधारण १०.३ मीटर. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे हवा थोडी पातळ, तर हिशोब पावणेदहा मीटरच्या आसपास येतो. तेही कागदावर, पाइपातलं घर्षण आणि बाकीची तूट धरली तर सहा-सात मीटरच्या खालचं पाणी वर बसवलेल्या साध्या पंपाने येतच नाही, मग त्याला एक एचपी लावा की शंभर. चार-पाचशे फुटांच्या बोअरमध्ये सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, खाली सोडावा लागतो तो याच कारणाने. खालून ढकलायला हद्द नाही, वरून ओढायला आहे. त्या सबमर्सिबलच्या लांब नळीत एकावर एक डझन-दोन डझन छोटे इंपेलर, म्हणजे पात्यांच्या चकत्या, रचलेले असतात आणि मोटर सगळ्यात खाली, पाण्यातच, पाण्यानेच थंड होत बसलेली. बोअर आटला आणि पंप तसाच चालू राहिला की मोटर जळते, ती यामुळे.

आणि आलोच आहे तर टिल्लू पंपाबद्दल, म्हणजे नळाला लावायच्या त्या छोट्या पंपाबद्दल, बोलून घेतो. नर्मदेच्या लाइनला, म्हणजे शहराच्या नळाच्या पाइपलाइनला, थेट टिल्लू जोडणारे महाभाग प्रत्येक गल्लीत आहेत. शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढलं हा एक भाग झाला, पण खरी भीती वेगळी. लाइनमध्ये दाब असतो तोवर फुटलेल्या सांध्यातून पाणी बाहेर जातं, टिल्लूने दाब शून्याच्या खाली नेला की तोच सांधा उलटा चालतो, बाहेरचं आत येतं. आणि बाहेर शेजारून ड्रेनेज जात असेल तर काय येतं ते सांगायला नको.

तर पंपांची दोन मोठी घराणी. पहिलं सेंट्रिफ्युगल, घरातले, शेतातले, कारखान्यातले बहुतेक पंप याच घराण्यातले. आत एक चकती, तिला वाकडी पाती, तिला म्हणतात इंपेलर. ती मिनिटाला पंधराशे किंवा तीन हजारच्या जवळपास फेरे घेते, पाणी मध्यातून आत शिरतं आणि कडेने बाहेर फेकलं जातं, ओला टॉवेल गरगर फिरवल्यावर थेंब उडतात तसंच. बाहेर गोगलगायीसारखं फुगत जाणारं कवच असतं, तिथे पाण्याचा वेग कमी होतो आणि वेगाचा दाब होतो. बस एवढंच. यात पाणी अडवून धरणारं काहीही नाही, सगळा खेळ फेकण्याचा. म्हणून हा पंप हवा फेकू शकत नाही, हवा फार हलकी, त्यामुळे आधी पाण्याने भरावा लागतो, प्रायमिंग. पाइपाच्या खालच्या टोकाला पाणी परत जाऊ न देणारा फुट व्हॉल्व्ह असतो, त्यात शेवाळ किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकला की रात्रभरात पाइप रिकामा होतो आणि सकाळी पंप नुसता गुरगुरतो, "मोटर हवा धरतेय" म्हणतात ते हे.

फेकायची उंची म्हणजे हेड, मीटरमध्ये. आणि इथली गंमत बघा, हेड मीटरमध्येच का मोजतात, दाबात का नाही? कारण तोच इंपेलर त्याच वेगाने फिरला तर कुठलाही पातळ द्रव तेवढ्याच उंचीवर फेकतो, पाणी असो की गंधकाम्ल. फरक मोटरला कळतो. कडक गंधकाम्ल पाण्याच्या जवळपास १.८ पट जड, म्हणजे उंची तीच पण मोटरवर भार १.८ पट. एका ठिकाणी पाण्यावर ट्रायल घेऊन झकास चाललेला पंप ॲसिडवर टाकला आणि मोटर बसली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरी गंमत म्हणजे हेड आणि पाणी यांचं नातं उलटं. वर जास्त उंची असेल तर पाणी कमी येतं, उंची कमी असेल तर जास्त येतं, आणि पाणी जास्त आलं की मोटर जास्त करंट खाते. इथे काकांचा पंप सापडला. मी प्लेट पुसून वाचली, हेड ४५ ते ५५ मीटर. आमची बिल्डिंग चार मजली, हौदापासून टाकीपर्यंत घर्षण वगैरे धरून वीस मीटर झाले तरी खूप. पंपाला पन्नास मीटर चढायची सवय आणि समोर वीसचाच चढ, मग तो उताराला लागलेल्या टेम्पोसारखा सुटला, पाणी भसाभस, करंट वर, स्टार्टरमधला रिले म्हणतो बस कर बाबा. ओझं कमी म्हणून मोटर जळायला निघाली हे काकांना पटेचना. मी काही न बोलता डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जायच्या बाजूचा, व्हॉल्व्ह थोडा पिळला, पाण्याची धार कमी झाली आणि ॲमीटरचा काटा खाली आला. "अहो बंद करताय तरी मोटर हलकी कशी होतेय?" अशीच होते. म्हणून कारखान्यात मोठा सेंट्रिफ्युगल डिलिव्हरी बंद ठेवूनच चालू करतात आणि मग हळूहळू उघडतात. फक्त बंद ठेवून विसरायचं नाही, आतलं पाणी घुसळून घुसळून तापतं.

हिशोब सांगतो म्हणजे एचपीचं भूत उतरेल. हजार लिटर पाणी दहा मिनिटांत वीस मीटर चढवायला पाण्याला स्वतःला फक्त ३३० वॉट लागतात. छोट्या पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के धरा, सव्वाआठशे वॉट, म्हणजे एक एचपीच्या थोडंच वर. आमचा जुना पंप एकचाच होता, म्हणजे हिशोबाने ठीक होता. मग पाणी कमी का यायचं? खोलला तेव्हा दिसलं, बोअरच्या बारीक वाळूने इंपेलरची पाती चाटून चाटून ब्लेडसारखी पातळ झालेली.

आता हाच हिशोब मोठा करून बघा. नर्मदा मंडलेश्वरजवळ समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, इंदूर साडेपाचशेवर, मध्ये विंध्याचल आणि साधारण सत्तर किलोमीटर अंतर. यशवंत सागर आणि बिलावली हे तलाव पुरेनात म्हणून १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी वर यायला लागलं. चारशे मीटर म्हणजे एकशे तीस मजल्यांची इमारत. हजार लिटर पाणी चारशे मीटर चढवायला पदार्थविज्ञान १.०९ युनिट वीज मागतं, आणि पंप-मोटरची तूट, पाइपातलं घर्षण धरलं की दीड-दोन युनिट कुठे गेले नाहीत. सकाळी नळ उघडा टाकून पोह्यांवर शेव भुरभुरणाऱ्यांनी हा आकडा एकदा मनात ठेवावा, एवढंच म्हणतो.

एवढी उंची एका इंपेलरच्या बसची नाही. मग दोन उपाय असतात, एकाच शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) पाच-सहा इंपेलर, पहिल्याने फेकलेलं दुसऱ्याच्या तोंडात, असा मल्टिस्टेज पंप, नाहीतर वाटेत टप्प्याटप्प्याने पंपिंग स्टेशनं. दोन्हीही करतात. नदीकाठच्या इनटेक वेलमध्ये, म्हणजे पाणी उचलायच्या विहिरीत, मात्र बहुतेक व्हर्टिकल टर्बाइन पंप दिसतो, इंपेलर खाली पाण्यात बुडालेले आणि मोटर वर छतावर, कारण पूर आला की नदी कितीही वाढली तरी मोटर कोरडी राहिली पाहिजे. एक लक्षात ठेवा, पंप एकापुढे एक जोडले की उंची वाढते, शेजारी-शेजारी जोडले की पाणी वाढतं, पण पाइप तोच असेल तर दुप्पट कधीच होत नाही, पाइपच अडवतो.

मल्टिस्टेज कारखान्यात सगळ्यात जास्त कुठे दिसतो तर बॉयलरला पाणी द्यायला. आणि इथे माझी स्वतःची चूक सांगतो, वीसेक वर्षं झाली. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, परत आणून बॉयलरला पाणी देणारी फीडटाकी गरम ठेवायची म्हणजे इंधन वाचतं, ही आयडिया माझीच. पाणी नव्वद अंशांपर्यंत गेलं, साहेब खूश. तिसऱ्या दिवशी पंपातून आवाज यायला लागला, जणू आत कोणी गिट्टी टाकलीय. मी बेअरिंग बदललं. आवाज तसाच. कपलिंग अलाइन केलं. आवाज तसाच. महिन्याभराने पंप खोलला तर पहिला इंपेलर उंदरांनी कुरतडलेल्या भाकरीसारखा.

झालं असं होतं की पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो हे वर सांगितलंच. आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, इंदुरात उघड्या पातेल्यातसुद्धा ते ९८ अंशांनाच उकळतं. नव्वद अंशांचं पाणी तर काठावरच उभं असतं, जरा दाब उतरला की आतल्या आत बुडबुडे. ते बुडबुडे इंपेलरमध्ये पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की फट्ट करून मिटतात, आणि प्रत्येक मिटणं म्हणजे धातूवर एक सूक्ष्म हातोडा. याला कॅव्हिटेशन म्हणतात. थंड पाण्याला हवेचा जो पावणेदहा मीटरचा आधार असतो तो नव्वद अंशांना जेमतेम अडीच मीटर उरतो. इलाज पंपात नव्हताच. आम्ही टाकी जमिनीवरून उचलून तीन-साडेतीन मीटरच्या स्टँडवर ठेवली, पाण्याचं स्वतःचं वजन पंपाच्या तोंडावर आलं आणि गिट्टी बंद. तेव्हापासून कुठल्याही बॉयलरहाउसमध्ये गेलो की मी आधी फीडटाकी किती उंच आहे तेच बघतो.

दुसरं घराणं पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट, कारखान्यात नुसतं पीडी म्हणतात. हे समजायला इंदूरकराला पुस्तक नको, शेवेचा सोऱ्या आठवा. पीठ भरलं, दट्ट्या दाबला, जेवढा दट्ट्या आत गेला तेवढी शेव बाहेर, एक कण कमी नाही की जास्त नाही. फेकाफेक नाही, कोंडून ढकलणं. दाट, चिकट, मोजून द्यायचं किंवा प्रचंड दाबाने द्यायचं असेल तिथे हेच घराणं चालतं, कारण दाट द्रवात सेंट्रिफ्युगल नुसता घुसमटतो.

पण सोऱ्याची चकती बंद करून दाबलं तर? सोऱ्या फुटेल नाहीतर मनगट. पीडीचंही तसंच, डिलिव्हरी बंद ठेवून चालू केला तर दाब चढतच जातो, म्हणून त्याला रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच. नवीन असताना मी सेंट्रिफ्युगलच्या सवयीने गिअर पंपाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून बटण दाबलं होतं, गॅस्केट फुटलं आणि डोक्यापासून बुटापर्यंत तेल. फोरमन हसत नव्हता, ते जास्त लागलं.

या गिअर पंपात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. सगळ्यांना वाटतं तेल मधून जातं, पण मधे तर दात दातात बसलेले, जागाच नाही, तेल बाहेरच्या कडेने, दात आणि कवच यांच्यामधल्या खाचांतून फिरून जातं. सोयाबीनचं तेल, लुब्रिकेशन, पिथमपूरच्या प्रेसमशीनची हायड्रॉलिक्स, सगळीकडे हाच किंवा याचे भाऊबंद. फक्त तेल स्वच्छ हवं, एक खडा गेला की दात गेला. सोयाच्या सॉल्व्हेंट प्लांटमध्ये मात्र हेक्झेन असतं, पेट्रोलसारखं भडकणारं, तिथे पातळ द्रव म्हणून पंप साधा सेंट्रिफ्युगलच चालतो पण मोटर फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली आग बाहेर न जाऊ देणारी, आणि सील एक थेंबही न गाळणारं पाहिजे.

डेअरीत, जॅममध्ये लोब पंप. त्यातल्या दोन पाकळ्या एकमेकींना शिवत नाहीत, बाहेरचे गिअर त्यांना फिरवतात, त्यामुळे माल चिरडत नाही आणि खोलून धुणंही सोपं. श्रीखंड जर तीन हजार आरपीएमच्या सेंट्रिफ्युगलमधून पाठवलं तर पलीकडे पियूष येईल, आणि ते श्रीखंडाच्या भावाने कोणी घेणार नाही.

स्क्रू पंप, म्हणजे प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी, हा माझा लाडका. रबरी नळीत पिळाचा स्टीलचा दांडा फिरतो, दोघांमध्ये बंद खोल्या तयार होतात आणि त्या खोल्याच पुढे सरकत जातात. गाळ, चिखल, सालीसकट लगदा, काय वाटेल ते खातो. सांडपाण्याच्या प्लांटमध्ये गाळासाठी हा लागतोच, पण कोरडा चालवला तर दोन-चार मिनिटांत रबर जळून वास सुटतो, आणि ते रबर स्वस्त नाही. गाळाच्या आधीचं सांडपाणी मात्र सेंट्रिफ्युगलच उचलतो, पण वेगळ्या इंपेलरचा, रुंद आणि कमी पात्यांचा. कबीटखेडीसारख्या (कबीट म्हणजे आपलं कवठ) मोठ्या प्लांटला जे शहराचं पाणी येतं त्यात काय नसतं, चिंध्या, पाउच, केस. सांडपाण्याच्या पंपाला म्हणूनच हेडच्या आधी विचारतात, केवढा गोळा सहज पार होईल.

डायफ्रामचा, म्हणजे लवचीक पडद्याचा, पंप कारखान्यात बहुधा दाबाच्या हवेवर चालतो, वीज नाही, ठिणगी नाही, म्हणून पेंट आणि केमिकलवाल्यांचा आवडता, ठक-ठक-ठक असा दिवसभर बोलत असतो. पेरिस्टाल्टिकमध्ये रोलर नळी चेपत पुढे जातो, आपण पेप्सीकोलाची पिशवी बोटांनी दाबून वर आणायचो तसं, द्रव नळीबाहेर कशालाही शिवत नाही म्हणून डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्तही हाच फिरवतो. प्लंजरचा, म्हणजे दट्ट्याचा, पंप गाडीधुलाईवाल्यांकडे रोज बघताच.

पंप कुठलाही असो, त्रास देतो तो जिथे फिरता शाफ्ट कवचातून बाहेर येतो तिथे. जुन्या पंपांत तिथे ग्लँड दोरी गुंडाळलेली असते आणि ती मुद्दाम थोडी गळली पाहिजे, मिनिटाला चाळीस-साठ थेंब, तेच पाणी तिला थंड ठेवतं. नवीन पोरगा आला की त्याला गळती बघवत नाही, पाना घेऊन ग्लँड आवळतो, थेंब बंद, शाबासकीच्या आशेने माझ्याकडे बघतो, आणि पाळी संपायच्या आत दोरी जळून शाफ्टच्या स्लीव्हवर खोल चर. मेकॅनिकल सीलमध्ये दोन आरशासारखे घासलेले चेहरे एकमेकांवर फिरतात, बहुतेक एक कार्बनचा, थेंब दिसत नाही, पण कोरडं चालणं त्यालाही सहन होत नाही. आणि विषारी द्रवासाठी तर शाफ्ट बाहेर काढतच नाहीत, चुंबकाने भिंतीपलीकडून इंपेलर फिरवतात.

विजेचं एक राहिलं. व्हॉल्व्ह पिळून पाणी कमी करणं म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून धरत ब्रेक मारणं. त्यापेक्षा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लावून वेग कमी करा. वेग ऐंशी टक्के केला की पाणी ऐंशी टक्के, हेड चौसष्ट, आणि वीज जवळपास निम्मी. जिथे सगळं हेड नुसत्या उंचीचंच आहे तिथे एवढा फायदा नाही, फार हळू केलं तर पाणी टाकीपर्यंत पोचणारच नाही, पण जिथे पाणी नुसतं फिरवायचं असतं, कूलिंग वगैरे, तिथे पैसे लवकर वसूल होतात.

काकांचा दोन एचपीवाला दुकानदाराने कटकट करत बदलून दिला. जाताना मी त्यांना चिठ्ठी दिली होती, उंची किती, पाइप केवढा आणि किती लांब, तासाला पाणी किती, पाणी कसं (वाळूचं), हौद पंपाच्या वर की खाली. एचपी लिहिलाच नव्हता. नवीन पंप बसला, ट्रिप होत नाही, टाकी वेळेत भरते. काकांनी हौसेने प्लेटचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "हेड १६ ते २८ मीटर, आपल्या बिल्डिंगला एकदम योग्य." पाच मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मेसेज आला, "ते ठीक आहे काका, पण एचपी किती?"